सुमनचा कोरा चहा

६ जाने.
आधी खुशाली. वंदना, लेकी, खोकला थांबला का गं? फोनवर विचारायचं राहूनच गेलं. नातीचा पुढचा दात हलत होता, पडला का? माझे गुडघे कुरकुरतात, चालायचंच. आमची ही, सुमन, काल हॉस्पिटलातून घरी आली. खुब्यात सळी, वॉकर धरून चार पावलं. आणि आमचा महेश? दिंडोशीला राहायला गेला एवढंच ठाऊक. मुलुंडहून ती किती लांब. नऊ वर्षांत पोराची खबर नाही.

८ जाने.
डॉक्टर म्हणाले, ओट्यापाशी घसरण्यानं मोडावं इतकं हाड ठिसूळ झालंय, दुसऱ्या पायाला जपा. गोळ्या दिल्या. दूध-दही किती घेता, विचारलं. "घेत नाय." का, ते सुमन सांगेना. मीच म्हटलं, पित्त होतं. मला तेवढंच ठाऊक. चहा कोरा, ताक नाही, खरवसाला हात नाही.

९ जाने.
वाचनालयातून आरोग्याचं पुस्तक आणलं. सातवी शिकलेला मी, पण कळलं. हृदयाच्या ठोक्यालाही कॅल्शियम लागतं. जेवणातून आलं नाही की रक्त ते हाडातून ओढून घेतं. दुखत नाही, खुपत नाही. माणूस पडेपर्यंत...

११ जाने.
नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, मांदेली कुरकुरीत, काट्यासकट. सगळं खाल्लंन. गॅलरीत उन्हाला बसवलं. समोरच्या टॉवरमुळे जेमतेम अर्धा तास. दुधाचा ग्लास पुढे केला तर तोंड फिरवलंन. मी चिडलो. हाडापेक्षा हट्ट मोठा का?
तेव्हा बोलली. "तुमी महेशाक सांगलात, ह्या घरातला पाणीसुद्धा पियाचा नाय. माझ्या हातात त्येच्या दुधाचो पेलो होतो."
तो येऊन पिईपर्यंत दूध सोडलंय तिनं. कुणाला सांगितलं नाही.
त्याच्या लग्नावरून बोललो होतो मी. मुलगी आपल्यातली नाही म्हणून. नऊ वर्षं ही समोर बसून कोरा चहा प्यायली, आणि मी पित्त पित्त करत होतो.

१३ जाने.
म्हटलं, गुरुजींना विचारू, असला नेम सोडवता येतो.
"देवाक कित्याक विचारतास? देवान नाय घालवल्यान त्येका."


१४ जाने. संक्रांत.
वंदनाला फोन. महेशचा पत्ता तिच्याकडे होताच, माझ्या भीतीनं गप्प. नंबरही देत होती. नको म्हटलं. फोनवर माझा आवाज चढतो.

१५ जाने.
तिसरा कागद. पहिल्या दोनांत माझंच कसं बरोबर ते आलं, फाडले. यात एवढंच: मी चुकलो. आई पडली होती, आता घरी आहे. सूनबाईला घेऊन ये.
दुधाचं लिहू नका, म्हणाली सु. ओझ्यानं नको येवंदे. नाही लिहिलं. तिनं बसल्या बसल्या वळलेले तिळाचे चार लाडू घातले, पुडकं स्वतः पोस्टात देऊन आलो.

२४ जाने.
टपाल आलं. कुणाची तरी लग्नपत्रिका.
सु. आज दहा पावलं चालली. संध्याकाळी चहा टाकला, दोघांचाही कोराच. तिनं माझ्या कपाकडे बघितलं.
महेश, मिळालं का रे पत्र? दोन ओळी लिही. लवकर लिही.