जबलवरचं हनीसकल

७ फेब्रुवारी २०१४, शुक्रवार

मिळालं! हात सोलवटले, कंबर धरली, नखांत अजून माती आहे — पण मिळालं. जंगली हनीसकल. बुंधा माझ्या मनगटापेक्षा जाड, एका अंगाला पार वाकलेला. वय कोण सांगणार? हमूद म्हणतो, त्याच्या लहानपणीही एवढंच होतं.

हमूदची डाळिंबाची बाग जबलवर, म्हणजे इथल्या उंच डोंगरावर, सैक गावाच्या जरा खाली. त्याला जुना बांध पाडून नवा घालायचाय आणि झुडूप नेमकं बांधात रुजलेलं. एरवी तिथल्या रानातल्या कशालाच हात लावायची परवानगी नाही, आणि लावूही नये. पण हे परवा जेसीबीखाली जाणारच होतं. "ले जाओ, खलास," म्हणाला आणि कहवा ओतायला बसला. गाडी मुस्तफाची. मूळचा दाभोळचा, इथून दोन-अडीच तासांवर सहमला टायरचं दुकान, बारा वर्षांची दोस्ती. चार तास खणलं आम्ही. मी मुळांशी झटत होतो, तो मला नावं ठेवत होता. "रविभाऊ, मस्कतात नर्सऱ्या संपल्या काय?"

त्याला काय सांगणार! २००७ साली जबलवरच्या सहलीत माझी बायको कल्पना असल्याच एका झुडपाशेजारी अर्धा तास बसून राहिली होती. फुलं होती तेव्हा — पिवळट पांढरी, जोडीजोडीनं. बाकी सगळे पुलाव खात होते. म्हणाली, "रवी, असलं एखादं घरी नेऊ या ना. बोन्साय करू." मी म्हणालो, गाडीत चिखल होईल.

गाडीत चिखल! शहाणाच मी.

८ फेब्रुवारी

लाकडी खोका, चाळलेली खडी, थोडं खत. बाल्कनीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवलंय. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय — रानातून आणलेल्या झाडाला पहिलं वर्षभर छेडायचं नाही. छाटणी नाही, तार नाही, हलवाहलव नाही. नुसतं जगू द्यायचं. कॉन्क्रीटला अठ्ठावीस दिवस पाणी मारत वाट बघणारा माणूस आहे मी. वर्ष म्हणजे काय मोठंसं!

कल्पनाला फोटो पाठवला. फोनवर म्हणाली, "वाळकं लाकूड दिसतंय." मग, "तेच का रे?"

तेच. जगलं तर पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलात फुलेल. तेव्हा तिनं इथे असायला हवं. पंधरा दिवस का होईना. मी ठरवून टाकलंय. तिला अजून बोललो नाही.

२१ फेब्रुवारी

नखानं साल किंचित खरवडली. आत हिरवं. जिवंत आहे!

२२ फेब्रुवारी

आजही हिरवं.

२३ फेब्रुवारी

हिरवं.

३ मार्च

एक कोंब. तांदळाच्या दाण्याएवढा. ऑफिसात सगळ्यांना दाखवला फोटो. कुणाला काही दिसलं नाही म्हणे.

११ एप्रिल

कल्पनाशी बोललो शेवटी. "पुढच्या वर्षी फुलं येतील, तेव्हा ये." ती हसली. "आईंचं काय करू? कपाटात ठेवू?"

जून २०१२ मध्ये पुण्याला आई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. कल्पना म्हणाली महिनाभर जाऊन येते. महिन्याचे सहा झाले, इथला तिचा व्हिसा संपला. आई अंथरुणाला ती अंथरुणालाच. खरं तर आई माझी! जायचं कुणी तर मी. पण पगार माझा, म्हणून मी इथे आणि ती तिथे, असं आपसूकच ठरून गेलं. कुणी ठरवलं, आठवतही नाही.

म्हणालो, पंधरा दिवसांसाठी बाई ठेवू. म्हणाली, "बाईच्या हातून त्या पाणीही पीत नाहीत. माझ्याच हातून लागतं." त्यात थोडा अभिमानही होता. मला राग आला. तिचा नाही. आईचाही नाही. कुणाचा ते कळेना, म्हणून भांडी घासली.

आईचं असं अजून किती वर्षं — नको. हे वाक्य लिहायला नको होतं.

१६ मे

चव्वेचाळीस! दोन हजार मीटरवरचं झाड बिचारं. पानं कडेनं करपली. उचलून बेडरूममध्ये आणलं, खिडकीपाशी. एसी तेवीसवर, दिवसरात्र. एसीच्या नळीखालच्या बादलीतलं पाणी त्यालाच घालतो. कल्पनाच्या बाजूला ठेवलंय. म्हणजे पलंगाच्या त्या बाजूला.

खोलीत पानांचा अगदी पुसट हिरवा वास येतो. तेवीस महिने या खोलीत माझ्याशिवाय कसलाच वास नव्हता.

२० जून

मुस्तफा आला होता. खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, "माझ्या अमीरुन्निसाला एवढ्या थंडीत झोपवलं असतं मी, तर तिनं माहेर गाठलं असतं!" मग गंभीर होऊन बोलला — उन्हाळाभर वर हमूदकडे ठेवा. तिथली हवा त्याची स्वतःची आहे. तुम्ही सुट्टीवर जाताय ना जुलैच्या पंचवीसला?

हमूदकडे? त्याच्या शेळ्या दोन दिवसांत फडशा पाडतील. आणि कल्पनाला काय सांगू, तुझं झाड शेळीनं खाल्लं?

"मग किल्ली मला द्या," म्हणाला. सहमहून रोज येणारेस का, विचारलं.

९ जुलै

सुट्टी पुढे ढकलली. डिसेंबरात जाईन. ऑफिसला कारण सांगितलं, कामाचं. कल्पनालाही तेच.

खोटं बोललो. पण दर वर्षी बघतोय — इथले लोक ईदच्या सुट्टीत महिनाभर घरी जातात, शेजाऱ्याला किल्ली देतात, आणि परत येऊन सगळ्या कुंड्यांतल्या काटक्या कचऱ्यात टाकतात. मलाही तेच करायचंय का? या झाडाच्या जोरावर तर ती येणार आहे. झाड गेलं तर बोलवायचं कशासाठी? नुसतं माझ्यासाठी ये, असं बावीस वर्षांच्या संसारात एकदाही म्हणालो नाही. आता जीभ वळत नाही.

कल्पना एवढंच म्हणाली, "आईंनी दिवस मोजून ठेवलेत रे."

म्हटलं, सांग तिला, डिसेंबर.

२८ जुलै, ईद

बिल्डिंग रिकामी. खाली फक्त मांजरं.

आईशी बोललो. कल्पनानं फोन तिच्या कानाशी धरला होता. "रवी, निघालास का?" म्हटलं, नाही गं, डिसेंबरात. "बरं." मग परत, "निघालास का?" तीनदा. शेवटी कल्पनानं फोन काढून घेतला. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरंच.

नंतर कल्पनाशी चाळीस मिनिटं. काय नेसलीयस, काय केलंस जेवायला. असली चौकशी करण्याचं वय राहिलं नाही म्हणे. तरी सांगितलं तिनं. निळी, कॉटनची. पुरणपोळी केली होती, आईंना हवी होती म्हणून.

५ सप्टेंबर

सर्वांत सुंदर फांदी वाळली. डावीकडची, वाकडी. भिंगानं पाहिलं. मीच! रोज नखानं खरवडून बघत होतो ना, हिरवं आहे का, हिरवं आहे का — साल सगळीकडून निघत गेली. जिवंत आहे का ते बघता बघता मारली.

फोटो काढून मुस्तफाला पाठवला. त्याचं उत्तर, "आता नखं कापा, भाऊ."

३१ ऑक्टोबर

बाहेर ठेवलं. हवा पालटली. बाकीच्या फांद्या ठीक. हात मागे बांधून उभा राहतो.

१२ डिसेंबर

सुट्टी नामंजूर. या खेपेस कारण खरंच कामाचं — साइटचा हँडओव्हर. कल्पनाला सांगताना माझा खरा आवाज मलाच खोटा वाटला. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"एप्रिलात नक्की," म्हणालो. "जाताना येताना मिळून आठवडा तिकडे, आणि मग तुला घेऊनच येतो."

"बघू."

१६ जानेवारी २०१५

पाच-सहा रात्री चांगली थंडी. झाडाला हवीच होती. मलाही बरी वाटली. तिची शाल कपाटातून काढून पांघरली. वास गेलाय तिचा.

२० मार्च, शुक्रवार

कळ्या! अकरा मोजल्या, मग पानाखाली बारावी. जोडीजोडीनंच. मी चक्क ओरडलो, समोरच्या बाल्कनीतली बाई आत पळाली.

लगेच फोन लावला. आणि बोलून गेलो. झाड फुललंय म्हणून नाही, कल्पना, माझ्यासाठी ये. मला फार एकटं वाटतं गं. खूप वाटतं.

तिकडे तिनं पंखा बंद केला. मग म्हणाली, "हे तू एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोललास." मग, "मलाही यायचंय रे. पण त्यांना सोडून कशी येऊ? तूच सांग." मागून आईची हाक आली आणि ती गेली.

उद्या पाडवा. श्रीखंड आणलंय, एकट्यापुरतं.

२९ मार्च

आई गेली. सकाळी, झोपेतच. कल्पनाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालंय. मुस्तफा सोडायला येतोय.

ती खूप रडत होती. म्हणाली, जुलैपासून रोज विचारायच्या, रवी निघाला का. मी रोज सांगायचे, हो.

हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो. फोन ठेवल्यावर पहिला विचार आला, आता कल्पना येऊ शकेल. आई त्यानंतर आठवली.