कोन फाट्यावर ठेवलेली पिशवी

अब्बा, काल कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्या हातात पिशवी दिली, ‘एवढी पोचव’ म्हणून. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून हलायला तयार नाही. मराठीत लिहिते आहे, कारण तुम्हीच मला पनवेलच्या मराठी शाळेत घातलंत आणि नाक मुरडणाऱ्या मामूंना सांगितलंत की जिथे राहायचं तिथलं लिहिता-बोलता आलं पाहिजे. येतं मला, अब्बा. चांगलं येतं. नाव सांगेपर्यंत कोणाला शंकाही येत नाही.

तुमची ती सहा सीटर रिक्षा पनवेल स्टँडपासून कोन गावाच्या पुढपर्यंत जायची. गाडी माणसांची, पण तिच्यातून हिंडल्या जास्त पिशव्याच. कोणाचा डबा, कोणाचं औषध, लेकीला धाडलेलं सुकट. सोबत माणूस नसायचा. ‘भाय, येवढी कोनला टाका’ एवढ्यावर पिशवी तुमच्या पायाशी येऊन बसायची. फाट्यावर चहाच्या टपरीतल्या बाकड्याखाली ती ठेवायची, हॉर्न वाजवायचा आणि पुढे निघायचं, हा तुमचा शिरस्ता. हॉर्न ऐकून घरातून कोणीतरी यायचं आणि आपली पिशवी घेऊन जायचं. एकही हरवल्याचं मी ऐकलं नाही.

लहानपणी सुट्टीत मी तुमच्या शेजारी बसून यायचे. एकदा तुम्ही स्टँडवर सीट भरायला उतरला होता आणि मी पायाशी ठेवलेल्या पिशवीची गाठ सोडून आत डोकावले. आत काय, तर कोणाचे तरी सैल करायला दिलेले ब्लाउज आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. तुम्ही पाहिलंत आणि सगळ्या पॅसेंजरांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत. तुमचा हात माझ्यावर उठला तो तेवढाच. ‘दुसऱ्याची अमानत हाय ती,’ तुम्ही म्हणालात. ‘आत काय हाय ते आपल्याला म्हाईतच नसलं पायजे. म्हाईत नाय म्हनून तर लोक देतात.’ मला मार लागला नव्हता, अपमान झाला होता. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पण ते वाक्य पक्कं बसलं.

मग मुंबईत ते स्फोट झाले. तुम्ही टीव्हीसमोर जेवत होता, ताट सारलंत. मेलेल्यांच्या चपला दाखवत होते. ‘अल्लाचं नाव घेऊन केलं या हरामखोरांनी,’ तुम्ही म्हणालात. ‘यांना माती पन नको मिळायला.’ मी तुम्हाला शिवी देताना कधी ऐकलं नव्हतं. सकाळी अम्मी म्हणाली, आज गाडी राहू द्या. तुम्ही किल्ली घेत म्हणालात, ‘का? मी काय केलंय?’ तुम्हाला तेव्हा खरंच वाटत होतं की या प्रश्नाला काही किंमत आहे.

त्या आठवड्यात बाजारातल्या कोळीणमावशींनी पिशवी दिली. उरणहून सुकी मासळी घेऊन येणाऱ्या. त्यांची लेक कोनला दिलेली, नुकतीच बाळंत झाली होती. तुम्ही पिशवी बाकड्याखाली ठेवलीत, हॉर्न वाजवलात, गाडी काढलीत. टपरीवर हायवेकडच्या नव्या बिल्डिंगमधला एक माणूस चहा पीत होता. त्याला तुमचा शिरस्ता काय ठाऊक? त्याने पाहिली दाढी, पाहिली टोपी, पाहिलं की हा इसम बाकड्याखाली पिशवी सरकवून घाईने निघाला. तो ओरडला. मोटरसायकलवाल्यांनी तुम्हाला पुढच्या वळणावर गाठलं आणि कॉलर धरून मागे फरफटत आणलं.

‘पिशवीत काय आहे?’

‘म्हाईत नाय.’

इथेच तुम्ही बुडालात, अब्बा. सुकट आहे म्हणाला असतात तर दोन शिव्यांवर सुटला असतात. पिशवीला वासही येत असणार. पण तुम्ही पाहिलं नव्हतं, म्हणून म्हणाला नाहीत. माहीत नाही आणि ठेवून पळतोस? मग मारलं. तुम्ही जिथे बाकड्यावर बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलात तो टपरीवाला तिथेच उभा होता. कोणीतरी त्याला विचारलं, ओळखतोस का याला? तो म्हणाला, ‘वळखतो की. पन पिशवीतलं मी कुटं बघितलंय?’ खोटं बोलला नाही बिचारा. मला आजही त्या माणसाचा जितका राग येतो तितका मारणाऱ्यांचा येत नाही.

हवालदार आला. त्याने लोकांना रस्त्यापलीकडे हटवलं आणि तुम्हाला जीपच्या आडोशाला बसवलं. आणि तेवढ्यात हॉर्न ऐकून, बाळाला निजवून निघालेली ती बाळंतीण, कानाला फडकं बांधलेली, सगळ्यांच्या मधून चालत गेली. ‘ए, लांब हो,’ लोक ओरडत होते. ‘काय लांब हो? माजे आयची पिशवी हाय ती,’ म्हणत तिने भर रस्त्यात गाठ सोडली. सुकट, डिंकाचे लाडू आणि बाळाचं टोपडं.

लोक हसले. हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, त्या बाळंतिणीनेच पुढे अम्मीला सांगितलं. सुटकेचं हसू होतं म्हणे, कोणाच्या मनात काही नव्हतं. एकाने तुमची टोपी उचलून, झटकून हातात दिली. ‘भाय, वाईट वाटून घेऊ नका. दिवसच असे आलेत.’ दिवस आले होते, अब्बा, आणि ते नेमके तुमच्या तोंडावर आले होते.

दुसऱ्या दिवशीही तुम्ही गाडी काढलीत. लोक बसायचे, नाही असं नाही. पिशव्या मात्र आल्या नाहीत. ‘राहू दे भाय, पोरगा येनार हाय न्यायला.’ ‘राहू दे, उद्या मीच जातो.’ कोळीणमावशींनी तेवढी पुन्हा पिशवी पुढे केली, तर तुम्हीच हात मागे घेतलात. ‘मावशी, नको. आता नको.’ घरी येऊन एवढंच म्हणालात की गाडी हल्ली हलकी चालते. पुढे काही वर्षांत गाडी विकली, मग तुम्ही गेलात. डॉक्टर हृदय म्हणाले. मी त्यांना काय सांगणार होते?

ज्यांनी ते स्फोट केले त्यांना मी माफ करणार नाही. त्यांनी माणसं मारली, आणि वर कोन फाट्यावर तुमचा शब्द मारला. त्यांना तुमचं नावही ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना तुमचं नाव ठाऊक होतं त्यांनाही माफ करायला मला जमत नाही. अजून कुठेही काही घडलं, दूर परदेशात का होईना, की मी शिकवते त्या शाळेत स्टाफरूममध्ये शिरताच बोलणं थांबतं. मग कोणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘तू आमच्यातलीच गं.’ मी हसते. हा दाखला दर स्फोटानंतर नव्याने घ्यावा लागतो. करंजाड्याला घर शोधताना नाव सांगितलं की फ्लॅट नेमका त्याच सकाळी गेलेला असायचा. सहाव्या-सातव्या वेळी एक मिळाला, तिथे राहते.

खालच्या मजल्यावर एक आगरी आजी आहेत. जमीन विमानतळात गेली, म्हणून गाव सोडून इथे आलेल्या. पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोलतात. काल सकाळी मी शाळेला निघाले, तर त्यांनी जिन्यात अडवलं. ‘बाय, तू उलव्याला जातेस ना? माजे लेकीला येवढी पिशवी दे. ती येल तुज्या शाळेच्या गेटावर.’ पिशवी कोमट होती. त्यांनी ती इतक्या सहज दिली की क्षणभर मला रडूच आलं.

आणि मग मी त्यांना खाली वॉचमनच्या टेबलापाशी नेलं, जिथे वर कॅमेरा आहे. विचारलं, ‘आजी, आत काय आहे?’

‘भाकऱ्या हायत गो, आन बोंबलाचं कालवन.’

मी तेवढ्यावर थांबले नाही. गाठ सोडली, डबा काढला, झाकण उघडून वॉचमनला दाखवलं. मी काय दाखवते आहे हे त्यालाही कळेना. आजी पुढे झाल्या. ‘मी काय तुला वंगाळ देईन काय गो?’ त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, झाकण लावलं, पिशवीची गाठ पुन्हा बांधली. ‘राहू दे,’ म्हणाल्या. ‘मीच जाईन रिक्षेनं.’

हे कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवणार आहे. तुमच्यापर्यंत पोचतील अशी काही सोय असती तरी धाडले नसते, कारण शेवटचं तुम्हाला कळू नये असंच वाटतं. आजी पिशवी घेऊन जिना चढू लागल्या तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी सुटल्यासारखं वाटलं.