पाचव्या कप्प्यातली साय

४ मार्च

झालं! आजही मुंगीच्या डब्यात काकडी दिली. तिला काकडी चालत नाही हे नवऱ्याने बजावून सांगितलं होतं. डबा तसाच परत आला. ती काही बोलली नाही. काहीच बोलत नाही, हाच तर घोर आहे! दहा वर्षांची पोर, जरा आदळआपट तरी करावी. नुसतं "ठीक आहे" म्हणते आणि भिंतीच्या कडेकडेने आपल्या खोलीत जाते. मुंगी नाव अगदी शोभतं.

मी या घरात आल्याला तीन महिने होतील. तिने मला अजून कशानेच हाक मारलेली नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहते, माझं लक्ष जाईपर्यंत.

५ मार्च

माझ्या डोक्यात काही टिकत नाही. बहीण तर म्हणते, "तू स्वतःचं लग्नसुद्धा विसरली असतीस!" पण मग औषधांच्या दुकानात शेकडो नावं तोंडपाठ आहेत ती कशी? खोक्यामुळे.

बुटांचं खोकं, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज विचारायची. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, मग ते दोन दिवसांनी, मग आठवड्याने... पाचव्यातलं थेट महिन्याने. चुकलं की कुठूनही परत पहिल्यात, म्हणजे रोज. आता विसरणार, अशा वेळी नेमकं विचारलं की पक्कं बसतं.

जे गोळ्यांच्या बाबतीत जमलं ते मुंगीच्या बाबतीत का जमू नये?

६ मार्च

नवरा बसची ड्यूटी संपवून आला आणि मी त्याला जेवतानाच धरलं. सांग! कुठल्या भाज्या नकोत, बुटाचा नंबर काय, कुठल्या मैत्रिणीशी अबोला आहे. दुधावरची साय आवडते म्हणाला. साय! मला नुसत्या नावाने मळमळतं. असो. कार्ड केलं.

१५ मार्च

बरं चाललंय. काकडी पुन्हा गेलेली नाही. रोज सकाळी तिच्या पेल्यात जाड साय सोडते. ती कितीतरी वेळ बघत बसते, मग एका दमात पिऊन टाकते. लाजत असेल.

२२ मार्च

धरणी दुभंगावी आणि मी आत जावं असं झालं.

दुकानातून आले तर मुंगी माझ्या पलंगावर. मांडीवर खोकं, भोवती सगळी कार्डं. मी नुसतं "अगं, ते..." म्हणतेय तोवर ती उठली.

"मी काय औषध आहे का?"

ओरडली नाही. शांतपणे विचारलं, म्हणून जास्त लागलं. नवरा म्हणतो, "आधी तिला सांगायचंस ना!" आता सुचतंय याला!

२३ मार्च

दिवसभर "ठीक आहे"सुद्धा नाही.

२४ मार्च

खोकं माझ्या उशीपाशी ठेवलेलं. कार्डांवर पेन्सिलीने दुरुस्त्या! बुटाचा नंबर वाढलाय. मैत्रिणीपुढे "आता बोलतो". आणि सायीच्या कार्डावर: "चूक. मला नाही आवडत. आईला आवडायची. माझ्या पेल्यातली तीच खायची."

नवऱ्याने दोघींची गल्लत केली आणि मी रोज सकाळी त्या पोरीपुढे तिच्या गेलेल्या आईचा वाटा ठेवत होते.

तिच्या खोलीत गेले. "चुकलं माझं," म्हटलं. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "त्या खोक्याने खरंच लक्षात राहतं?"

"राहतं."

"मला आईचं विसरायला होतंय. आवाज तर गेलाच. आता बाकीचं पण जाईल."

रडली नाही. मी उठले. माळ्यावरून दुसरं खोकं काढलं आणि दोघींनी मिळून पुठ्ठे कापले.

२८ मार्च

ती लिहिते, मी विचारते. आईच्या हातांना कसला वास यायचा? लवंगेचा, दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होती ना. चिडली की काय करायची? कपाटं आवरायची.

खोटं कशाला लिहू, मत्सर वाटतो. इतके दिवस तिची आई बाहेरच्या खोलीतला एक फोटो होती, पुसला की झालं. आता रोज संध्याकाळी मीच तिला हाताला धरून घरात आणते. पण कपाटांच्या कार्डाला मी म्हटलं, "मग तुझे बाबा तिला मुद्दाम चिडवत असतील!" तर मुंगी खुदकन हसली.

४ एप्रिल

आज शाळेतून आली ती दारातूनच ओरडत: "कार्डं!"

१२ एप्रिल

नवं कार्ड. आई साय कशी काढायची? "बोटाने. कडेने एकदा फिरवायची, अख्खी उचलायची, डोळे मिटून खायची."

"डाव्या हाताने," दारातून आवाज आला. नवरा, अंगात अजून गणवेश. "डावखुरी होती ती."

तिच्याविषयी तो आपणहून कधी बोलत नाही. मुंगीने घाईघाईने कार्डाच्या मागे लिहून घेतलं. तो हात धुवायला गेला. नळ खूप वेळ वाहत होता.

८ जून

सायीचं कार्ड पाचव्या कप्प्यातून निघालं. महिन्याने. मी विचारलं. मुंगीने तोंड उघडलं आणि काहीच नाही.

"थांबा. मला येतं. सांगू नका!"

थांबले. तिचा चेहरा उतरत गेला. "माहीत होतं हो मला..." आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मी कार्ड न उलटताच सांगितलं. डावा हात. बोट कडेने एकदा. अख्खी. डोळे मिटून. ती डोळे मिटून ऐकत होती.

"तुम्हाला कसं येतं?"

"तुला विचारून विचारून माझंच पाठ झालं."

तिने नाक पुसलं, कार्ड घेतलं, स्वतःच पहिल्या कप्प्यात टाकलं. "म्हणजे माझं गेलं तरी तुमच्याकडे आहे," म्हणाली. मग जेवायला काय आहे ते विचारलं.

९ जून

हल्ली साय काढूनच दूध देते. आज मुंगी म्हणाली, "साय असू दे." दुधावर साय धरेपर्यंत थांबली आणि पेला माझ्यापुढे सरकवला.

"चमच्याने नाही हं."

मी डाव्या हाताचं बोट कडेने फिरवलं. उचलताना साय तुटली, अर्धी परत दुधात पडली. उरलेली डोळे मिटून खाल्ली.

मुंगीने नीट बघितलं.

"चुकलं," म्हणाली. "आता रोज."