सापडत नाही

प्रिय डॉक्टरीणबाई,

चिडवत नाही गं, तुझ्या लहानपणापासूनची सवय आहे म्हणून असं लिहिते. वहिनी सांगत होती, तीन दिवस झाले तू खोलीबाहेर आली नाहीस, राजीनामा लिहून ठेवलायस. आत्यालाही भेटायचं नाही म्हणालीस. म्हटलं, पत्र तरी वाचशील.

मी पार थकलेय. एकतीस वर्षं लोकांच्या छातीला तारा लावून ईसीजी काढले. वाचायचा अधिकार तुम्हा डॉक्टरांचा, पण बघून बघून आपल्यालाही कळतं. नाडी सुसाट पळतेय आणि कागदावर ठोके रुंद उमटतायत, तर दुखणं दोनपैकी एक असतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातलं, त्यातल्या त्यात गरीब. नाहीतर खालच्या कप्प्यातलं, जीवघेणं. कागदावर दोन्ही जुळ्या बहिणी. शंका असली की वाईटच धरावं, असं तुमच्या पुस्तकातच आहे, आणि ते तू धरलं नाहीस. त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पण तुझा तो पेशंट, तो शिंपी, चांगला बोलत होता, सिस्टरची थट्टा करत होता. इथे भलेभले फसतात. तू गरीब दुखण्याचं इंजेक्शन दिलंस, त्याचा रक्तदाब कोसळला आणि माणूस हातचा गेला.

आता जो तो म्हणतो, पोरीने घाई केली. कसली घाई? तू आधी त्याचा जुना ईसीजी मागवला होतास, ताडून बघायला. ईसीजीच्या खोलीत सिस्टरचा फोन आला, तो मीच उचलला. सापडत नाही, म्हणून सांगितलं.

मी शोधलाच नव्हता. जुन्या फायली तळघरात, लिफ्ट बंद, गुडघ्यांनी सकाळीच हात टेकलेले. वाटलं, डॉक्टर आहेत तिथे, बघतील. तो गेल्यावर मात्र उतरले खाली. दोन मिनिटांत फाइल मिळाली. जुन्या कागदावर ठोके अगदी बारीक, म्हणजे आताची रुंदी नवी, खालच्या कप्प्याची; आणि पूर्वी येऊन गेलेल्या हार्ट अटॅकची ढळढळीत खूण. तो कागद समोर असता तर त्या इंजेक्शनला तू हात लावला नसतास. मला लाज वाटते, आणि तीन दिवस तुला एकटीला बोलणी खाऊ दिली याची जास्त वाटते. आज तो कागद आणि माझा लेखी जबाब अधीक्षकांच्या हातात दिला. उद्या चौकशीत तुझ्याआधी मला बोलावतील. माझं होईपर्यंत राजीनामा देऊ नकोस, एवढंच मागते. तिथून मी शिंप्याच्या बायकोकडे जाणार आहे. तू बरोबर येऊ नकोस.

म्हणवत नाही, तरी तुझीच,
आत्या