कोपियाओ म्हणजे दमणे

प्रिय अप्पा,

आज दुपारी कोयत्यांची प्रार्थना झाली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ती मला घ्यावी लागली. उद्या टोळ्या ऊसतोडीला निघतील, गाव रिकामं होईल. त्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून बसलेय. आई शेळ्यांना पाणी दाखवतेय, तेवढाच वेळ आहे.

खरं सांगू? लिहायचंही जिवावर आलंय. सकाळी अंगणवाडी, मग आईचं पथ्यपाणी, रविवारी तुमच्या जागी उपदेश, कुणी आजारी पडलं की त्याच्या घरी प्रार्थना. नवीन पाळक येईपर्यंत सांभाळ, असं मंडळीनं सांगितलं होतं. पाळक काही येईना. आणि आता प्रार्थनामंदिराचा चढ चढताना मला धाप लागते. कडा गावचे डॉक्टर म्हणाले, बीडला जाऊन हृदय तपासून घ्या, हयगय करू नका. मी आज जाते, उद्या जाते, असं करत बसलेय. ओळखीचं वाटतंय ना?

तुमच्यावर माझा राग आहे, अप्पा. आणि तो त्या एका ग्रीक क्रियापदावरून आहे.

कोपियाओ. पोस्टानं येणाऱ्या धड्यांवर ग्रीक शिकलेला माणूस आष्टी तालुक्यात तुमच्याशिवाय कुणी असेल, असं मला वाटत नाही. शेळ्या राखता राखता माझ्याकडूनही क्रियापदं घोटून घेतलीत. दरवर्षी सगळ्यांचे कोयते सतरंजीवर मांडून झाले, की तुमचा विषय ठरलेला. कोपियाओ म्हणजे कष्ट करणे. मूळ ग्रीक नव्या करारात प्रेषित पौल स्वतःच्या सेवेबद्दल बोलताना हाच शब्द वापरतो. रोमच्या मंडळीतल्या बायकांची नावं घेऊन, त्यांनी प्रभूसाठी किती कष्ट केले ते सांगतो, तिथंही हाच. मंडळी रांगेत ताठ उभी राहून ऐकायची, कारण त्या प्रार्थनेला बसायचं नाही, असा तुमचा नियम. कष्टकऱ्यानं देवापुढं उभं राहावं म्हणे.

पण येशू विहिरीपाशी बसला, तिथंही हाच शब्द आहे, हे त्यांना कधी का सांगितलं नाहीत? चालून चालून तो दमला होता, म्हणून बसला. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेले कोळी बोलतात, त्यातही कोपियाओच. माझ्याकडे या, मी विसावा देतो, असं तो ज्यांना म्हणतो, तेही हेच दमलेले लोक. शब्दाच्या मुळाशी मार बसणं आहे, अंग ठेचून निघावं तसा शीण आहे. हे मला तुम्हीच बांधावर बसून शिकवलंत. मग उपदेशात त्यातला निम्माच अर्थ का आणलात?

मला वाटतं, सगळा सांगितला असता तर तुम्हालाही बसावं लागलं असतं.

शेवटच्या रविवारीही तुम्ही छातीवर हात दाबून उभे होतात. मी म्हटलं, "अप्पा, आज राहू द्या." तुम्ही म्हणालात, "मला काय धाड भरलीय? मी न्हाई दमत." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आई अजून म्हणते, "दमलो म्हणला असता माणूस, तर आज असता."

आज मी विहिरीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, बसा सगळे. कुणी हलेना. तुमचा धाक अजून आहे. शेवटी शेजारच्या मंगलकाकू भिंतीला टेकून बसल्या. दरसाल मोळ्या वाहून त्यांच्या मानेचं काय झालंय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मग एकेक करत सगळे बसले. मी पुढं बोलायला लागले तर काकू मधेच म्हणाल्या, "तू कावून उभी हाईस गं? येशूपरीस तुला लई ताकद हाय का?"

सगळे हसले. मी बसले, तर माझा श्वास सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा झाला. म्हटलं, "काकू, मी दमलेय." इतकं बोलले आणि रडूच आलं. काकू म्हणाल्या, "लई दिसापासून दिसतंय बाई. तू सांगायची वाट बघत हुतो आमी."

मग उपदेश झालाच नाही. कुणी भिंतीला टेकलं, कुणाचा डोळा लागला. कोयते समोर तसेच पडले होते. जरा वेळानं मी बसल्या बसल्याच छोटी प्रार्थना केली, आणि लोक आपापला कोयता घेऊन घरी गेले. तुम्हाला आवडलं नसतं, माहीत आहे. पण तुमच्या रांगेतली माणसं इतकी निवांत मी कधी पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळच्या एसटीनं मी बीडला जातेय. आईला सांगितलंय, मंडळीलाही कळवलंय की पुढचे काही रविवार माझ्यावर विसंबू नका. आणि डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर तुमच्यासारखं "काही नाही" म्हणणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची दमलेली लेक,
शांता