कावालातल्या खोलीबद्दल माझी तक्रार

बिन महमूद, दोहा

आदरणीय मामू,

अस्सलामु अलैकुम. मी आणि रुकैया इथे अल्लाच्या मेहेरबानीने खुशाल आहोत आणि तुमची, मामींची आणि गोठ्यातल्या नव्या पाडीची खुशाली चाहतो. तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं की तुम्ही ‘बरा आहे’ म्हणून फोन मामींच्या हातात देता, आणि मामी म्हणतात, ‘कसला बरा? माडीचा जिना बसून उतरतात.’ तेव्हा या खेपेला उत्तर लेखी द्यावं. (पत्र हमजाच्या हाती पाठवतोय. तो माझ्या ऑफिसातला, दाभोळचा, सुटीवर गावी येतोय. मोबाइलवरचं लिहिणं म्हणजे वाळूत रेघ ओढणं असं तुम्हीच म्हणता, म्हणून कागद घेतला.)

तुम्हाला वाटेल, हा जावई एक दिवसाआड फोन करतो, मग याला पत्राची हुक्की का आली? मामू, तुम्ही माझे सासरे झालात ते नंतर. आधी तुम्ही माझ्या आईचे सख्खे भाऊ, आणि माझा कान पिरगळण्याचा हक्क माझ्या लहानपणापासून तुमच्याकडे आहे. आता जे लिहिणार आहे ते तुमचा आवाज कानावर पडत असताना मला सांगवणार नाही. फोन हातात घेतला तरी कान गरम होतो.

रमजान ईदला आम्ही गावी येणार होतो आणि आदल्या आठवड्यात मी तुम्हाला कळवलं की साइटवर तातडीचं काम निघालं, सुटी रद्द झाली. ते खोटं होतं. सुटी मिळाली होती. मामींनी सांदणं करून रुकैयाच्या नावाने डबा बाजूला काढला, आणि ईदच्या दिवशी तुम्ही फोनवर ‘नोकरी आहे बाबा, इलाज नाही’ म्हणून माझीच समजूत घातलीत. त्या वेळी मी इथल्या विमानतळावर रांगेत उभा होतो आणि मागून घोषणा ऐकू येऊ नये म्हणून फोनवर हात धरला होता. आम्ही ग्रीसला चाललो होतो, मोटारसायकलवरून फिरायला. (मोटारसायकल तिथे जाऊन भाड्याने घ्यायची होती. परवान्याचं सगळं रीतसर होतं, त्याबद्दल काळजी नसावी. बाकी सगळ्याबद्दल असावी.)

हे खूळ डोक्यात कसं शिरलं तेही सांगतो. इथे मी एसी घरातून एसी गाडीत आणि एसी गाडीतून एसी ऑफिसात जातो. वारा लागतो तो फक्त जाळीतून येतो. हमजा गेल्या वर्षी कुठल्याशा डोंगरात मोटारसायकलवरून जाऊन आला आणि तेव्हापासून कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाशी गर्दी व्हायला लागली. मला वाटलं, आपण चाळिशीला टेकलो आणि आपल्या टेबलाशी कोणीच नाही. रुकैया म्हणत होती, गावी जाऊ या, अब्बांचा गुडघा दुखतो. मी म्हटलं, गाव कुठे पळून जात नाही. आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

थेस्सलोनिकी नावाच्या शहरात उतरलो, गाडी घेतली आणि समुद्राच्या कडेने कावाला नावाच्या दुसऱ्या शहराकडे निघालो. गाडी एवढी अगडबंब की ती स्टँडवरून काढायला मला दुकानदाराची मदत लागली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रुकैयाकडे पाहिलं आणि तिचं हेल्मेट स्वतःच्या हाताने पुन्हा एकदा घट्ट केलं. अर्ध्या वाटेत पाऊस लागला. बॅगेवरचं प्लास्टिक वाऱ्याने उडालं आणि एका शेळ्यांच्या कळपावर जाऊन पडलं. (शेळीवाला काय बोलला ते कळलं नाही, पण सूर आपल्याकडचाच होता.) तुमची मुलगी माझ्या जॅकेटचा पट्टा धरून मागे बसली होती आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात दुआ म्हणत होती. त्यातल्या काही दुआ प्रवासाच्या नव्हत्या, माझ्याविरुद्ध होत्या.

कावालाला पोहोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. आमची लॉजवरची खोली टेकडीवरच्या जुन्या वस्तीत होती. दगडी गल्ल्या, उभा चढ, आणि सगळ्या पाट्या ग्रीक लिपीत. भिजलेल्या फोनमधली बाई म्हणाली, तुम्ही पोहोचलात, आणि तिने मान टाकली. मी गाडी थांबवली आणि थांबलेल्या गाडीवरून आम्ही दोघं सावकाश आडवे झालो. लागलं काही नाही. पण दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज मोठा झाला आणि शेजारचं दार उघडलं. दारात काळ्या कपड्यातल्या, सत्तरीच्या एक बाई. मी लॉजचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा ओरडून. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. कुडकुडणाऱ्या रुकैयाकडे पाहिलं, काहीतरी बोलल्या आणि तिला दंडाला धरून आत ओढलं. मी मनात म्हटलं, सर्व्हिस चांगली आहे. त्या मुक्कामातला तो माझा शेवटचा चांगला विचार.

मामू, खोली पाहिली आणि माझं डोकं फिरलं. पलंग मधोमध खचलेला, टॉवेल एकच, आणि भिंतीवर बरोबर उशीसमोर एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो. पैसे आधीच भरलेले होते, त्यामुळे माझ्या आवाजात गिऱ्हाईक शिरलं. मी कपाट उघडलं तर आत पुरुषाचा जाड कोट. मी तो काढून बाहेर खुर्चीवर टाकला. बाई आल्या, कोट उचलला, बाहीवरून हात फिरवला आणि तो घेऊन गेल्या. मिशीवाले गृहस्थ माझ्याकडे रोखून बघतात असं वाटलं, म्हणून मी फोटो भिंतीकडे तोंड करून लावला. (हे वाक्य मी तीनदा खोडलं. पण तुमच्याशी आणखी खोटं नको.) मग मी विचारलं, मॅनेजर कुठे आहे? इथला मालक कोण? मालक, मालक म्हणत बोट वर केलं. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि कोपऱ्यात दिवा लावलेली मरियमची तसबीर दाखवली. मला वाटलं, चेष्टा करतात. मी आणखी एक टॉवेल मागितला, हीटर मागितला, वाय-फाय मागितलं. टॉवेल आला, हीटर आला. वाय-फायच्या बदल्यात पांढऱ्या घेवड्याचं गरम सूप आलं. मी म्हटलं, मांस नाही तर नाही, निदान अंडं? अंड्याचा आकार हाताने करून दाखवला. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि पावसात बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा पदराखाली धरावीत तशी दोन अंडी ॲप्रनमध्ये धरली होती.

रुकैया म्हणाली, ‘अहो, जरा हळू बोला.’ मी म्हटलं, ‘तू मध्ये पडू नको. या लोकांशी असंच बोलावं लागतं.’

सकाळी बाई स्वयंपाकघरातल्या बाकावर घोंगडी पांघरून झोपलेल्या दिसल्या. मला वाटलं, नोकर माणसाची झोपायची सोय. त्या उठल्या, पाव भाजला, मध काढला. मी तो मध खाता खाता (वाय-फाय नव्हतंच, स्वतःच्या डेटावर) लॉजच्या पानावर तक्रार लिहिली. एक तारा दिला. पलंग, टॉवेल, कपाटातला कोट, आणि वर ‘इथली म्हातारी कामचुकार नाही, पण तिला कसलंही प्रशिक्षण दिलेलं नाही’ असंही लिहिलं. चहाचा घोट घेतो न घेतो तोच फोन वाजला. लॉजचा मालक, स्ताव्रोस.

‘सर, आम्ही काल संध्याकाळपासून तुमची वाट बघतोय. तुम्ही आहात कुठे?’

‘तुमच्याच लॉजमध्ये आहे. नाश्ता करतोय.’

त्याने माझी तक्रार मलाच वाचून दाखवली. मग फार अदबीने म्हणाला, ‘सर, आमच्याकडे म्हातारी नाही.’

मामू, तोंडातला मध तोंडातच राहिला. लॉज पलीकडच्या गल्लीत होता. मी घराच्या खाणाखुणा सांगितल्या तसा स्ताव्रोस धावतच आला, दारातून आत पाहिलं आणि त्याने कपाळाला हात लावला. मग तो दुभाष्या झाला आणि मी एकेक गोष्ट कळून घेत गेलो. बाईंचं नाव देस्पिना. फोटोतले गृहस्थ त्यांचे नवरे, ते दोन वर्षांपूर्वी वारले. कोट त्यांचाच. घरात झोपायची खोली ती एकच. आणि ईस्टरच्या आधीचा त्यांचा चाळीस दिवसांचा उपास चालू होता, त्यात त्या मांस, अंडी, दूध काही घरात आणत नाहीत. अंडी शेजारणीकडून मागून आणली होती. महिनाभर रोजे धरून नुकतीच ईद केलेला मी, आणि मी एका उपाशी बाईला अंड्यांसाठी पावसात पाठवलं!

मी स्ताव्रोसला म्हटलं, त्यांना विचार, ओळख ना पाळख, आम्हाला आत घेतलंच कसं? त्याने विचारलं. देस्पिनाबाई पाव कापतच होत्या. त्याने उत्तर मला इंग्रजीत सांगितलं: ‘पोरगी भिजली होती. आणि हा ओरडत होता, म्हणजे दमला असणार.’

मी खोलीत गेलो आणि फोटो सुलटा केला. माफी मागायला परत आलो. आपल्याकडच्यासारखा वाकून पायाला हात लावायला गेलो. त्यांना वाटलं माझं काही पडलं, त्याही वाकल्या आणि आमची डोकी आपटली. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. अजून येत नाही. ऑफिसात हमजाने विचारलं, ट्रिप कशी झाली? मी म्हटलं, पाऊस होता. खलास. कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलाशी गर्दी होईल एवढा मजकूर माझ्याकडे आहे, पण मी डबा जागेवरच खातो.

तुमच्याशी खोटं बोललो नसतो तर त्या सकाळी तुमच्या ओटीवर बसलो असतो. मामींना सगळं सांगा, पण जेवणं झाल्यावर. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा भाचा आणि (ठेवलात तर) जावई,
मुदस्सिर

ता. क. तक्रार मी काढून टाकली आहे.

ता. क. दुसरा. मूळ मुद्दा राहिलाच. निघताना काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी देस्पिनाबाईंना स्ताव्रोसमार्फत म्हटलं, आमच्या गावी या, सासऱ्यांचं घर तुमचंच समजा. असं माणूस म्हणतो, आणि कोणी येत नाही. त्या येताहेत. डिसेंबरात, जर्मनीतल्या मुलीला घेऊन. घराचं वर्णन करताना मी तेव्हा भावनेच्या भरात होतो, त्यामुळे संडास-बाथरूम खोलीला लागूनच आहे असं सांगून बसलो. विहिरीपलीकडचं तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तोपर्यंत मागच्या खोलीला लागून काही उभं राहील का? इन्शाल्ला म्हणून सोडू नका, गवंड्याला खरंच बोलवा.

ता. क. तिसरा, रुकैयाकडून. अब्बा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे लिहिते. त्यांनी वाचलेलं नाही. ते घर आहे हे मला दारातच कळलं होतं, उंबऱ्याशी एकाच माणसाच्या चपला होत्या. दोनदा सांगायला गेले, दोनदा गप्प बसवलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. बाईंनी माझे केस पुसून दिले, आणि खुणेने विचारलं, याला सांगू या का? मी मान हलवली, नको. त्या तोंडावर ॲप्रन धरून एवढ्या हसल्या की सूप उतू गेलं. त्या अंडी आणायला निघाल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला होता, पण त्यांनी मला डोळा मारला. तेवढं एक मी थांबवायला हवं होतं. ईदला तुमच्याकडे यायचं सोडून मीही विमानात बसलेच की, तेव्हा सगळी लाज त्यांच्या एकट्याच्या गळ्यात घालू नका. गवंडी मात्र बोलवू नका. हमजाकरवी मी यांची नोव्हेंबरातली रजा टाकली आहे आणि ती मंजूरही झाली आहे. ते येतील, भिंत बांधतील, आणि तुमचा गुडघा त्यांना दाखवत तुम्ही खुर्ची टाकून समोर बसा. हे त्यांना अजून माहीत नाही.