झाकणातली वीतभर जागा

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. गच्चीचं दार हल्ली वाऱ्याने आपटत नाही ना, तेही कळवा.

इकडे आमच्या खडकांच्या गोदामात सगळं बिनसलं आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, जमिनीत खोल भोक पाडून काढलेले दगडाचे दांडके आम्ही पेट्यांत ओळीने मांडून ठेवतो (मांडतो मी, बाकीचे बघतात). खालच्या सच्छिद्र खडकात कारखान्यांचा कर्बवायू कायमचा कोंडायचा, आणि वरच्या घट्ट खडकाचं झाकण त्याला वर येऊ देणार नाही, असा एकूण बेत. आमच्या भूगर्भवाल्या बाईंनी या झाकणापायी नऊ वर्षं घालवली. जेवणाचा डबा घरी विसरतील, पण कितव्या मीटरला कोणता दगड ते तोंडपाठ.

तर सोमवारी तपासणीचे पाहुणे आले आणि नेमका झाकणाच्याच पेटीत वीतभर दगड नाही. त्या जागी लाकडी ठोकळा, त्यावर 'येथील खडक मिळाला नाही'. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच: तिथला खडक इतका भुसभुशीत की काढतानाच त्याचा चुरा झाला. म्हणजे झाकणाला तडा. एका पाहुण्याने तर त्या तड्याचं चित्रही काढलं, रंगीत. काम कायमचं बंद करायचं का, ते शुक्रवारी ठरणार. तेव्हापासून बाई त्या पेटीपुढे स्टूल टाकून बसल्या आहेत आणि मी त्यांच्याभोवती तीच फरशी पुन्हा पुन्हा झाडतो आहे. काल त्यांनी विचारलं, "ठोकळ्यावरचं अक्षर तुमचंच ना?" मी म्हटलं, "हो, जरा घाईत लिहिलंय." मामा, मला स्वतःची लाज वाटते.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या साठीला मी दिलेला तो काळा गुळगुळीत दगड, जो तुम्ही आठवडाभर आल्यागेल्याला दाखवलात आणि मग गच्चीच्या दाराला लावलात, तो परत हवा आहे. घासूनबिसून ठेवू नका. त्यावरचा बाण म्हणजे वरची बाजू.

आणखी एक ता. क. टपालाने शुक्रवार गाठणार नाही, म्हणून आत्ताच बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी स्टूल बाजूला सारलं, चपला घातल्या आणि तुमचा पत्ता मागितला. हे पाकीट तुमच्या हाती देतील त्या त्याच. आधी पाणी द्या, मग दगड. दाराला लावायला ठोकळा त्यांच्याबरोबरच पाठवला आहे. त्यावर लिहिलेलं खरं नाही, तेवढं खरवडून टाका.